फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

दसरा झाला की आठ-दहा दिवसांत नोएडातल्या आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास येते. गणपतीत बगळ्याच्या पंखासारखे दिसणारे कुर्ते दिवाळीच्या तोंडावर भुरकट झालेले असतात. मुलांच्या शाळेच्या शर्टांवर राखाडी झाक येते आणि टॉवेल पापडासारखे कडक होतात. तक्रारीच्या पाठोपाठ उपायही येतो आणि तो दरवर्षी एकच असतो : "पावडर वाढवा. फेस होत नाही म्हणजे पावडर कमी पडतेय."

हे वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकलं आहे, किराणा दुकानात ऐकलं आहे, हळदीकुंकवाला ऐकलं आहे. घरी धुणं-भांडी करायला येणाऱ्या ताईंचाही त्यावर पक्का विश्वास आहे. बादलीत फेसाचा डोंगर उभा राहिल्याशिवाय त्या कपड्याला हात लावत नाहीत. शाळेत अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण या एका समजुतीचा मला मनापासून वैताग येतो. तिच्यामुळे पैसा जातो, पाणी जातं, हातांची सालं निघतात, आणि एवढं करून कपडा पांढरा होत नाही तो नाहीच. म्हणून आज हे नीट सांगायचं ठरवलं आहे.

आधी दसऱ्याचं. नोएडा, गाझियाबाद आणि दिल्लीच्या बऱ्याच भागाला गंगेचं पाणी मिळतं. ते हरिद्वारहून निघणाऱ्या, १८५४ मध्ये सुरू झालेल्या अप्पर गंगा कालव्यातून येतं. हा कालवा दरवर्षी साधारण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गाळ काढण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्या दिवसांत 'गंगाजल' आटतं आणि टाक्या बोअरवेलच्या पाण्याने भरल्या जातात. हिमालयातून आलेलं नदीचं पाणी तुलनेने मऊ असतं. जमिनीखालचं पाणी मात्र माती-खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. म्हणजे घरात पावडर तीच, हात तेच, मशीनही तेच असतं. बदललेलं असतं ते पाणी, आणि दोष मात्र पावडरीच्या चमच्याला दिला जातो.

अशा पाण्याला मराठीत फार नेमका शब्द आहे : दुष्फेन. शाळेच्या विज्ञानात आपण सगळ्यांनी तो पाठ केला होता. फेन म्हणजे फेस. ज्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन पाणी, ज्यात होत नाही ते दुष्फेन. गैरसमजाचं मूळही याच शब्दापाशी सापडतं, कारण एके काळी फेस ही खरोखरच विश्वासाची खूण होती.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर घरीच करून बघा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एक आरओच्या पाण्याने अर्धी भरा, दुसरी बाथरूमच्या नळाच्या पाण्याने. अंगाच्या साध्या साबणाचा कीस दोन्हींत सारखाच, चिमूटभर टाका, झाकणं घट्ट लावा आणि वीस वेळा खळखळून हलवा. आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढतो आणि तसाच उभा राहतो. नळाच्या बाटलीत थोडा फेस येतो न येतो तोच बसतो. पाणी ताकासारखं गढूळ होतं आणि फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगू लागतात. ते कण बोटांत चोळून पाहा. साबणासारखे बुळबुळीत लागत नाहीत, मेणासारखे चिकटतात. काळ्या कापडावर पुसून वाळू द्या, राखाडी रेघ उमटते.

हे कण म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचं न विरघळणारं संयुग. गणित मांडलं की त्याचा आवाका कळतो. समजा, पाण्याची दुष्फेनता लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे. दहा लिटरच्या बादलीत ४ ग्रॅम झाले. तेवढ्या क्षारांशी जुळायला सुमारे २५ ग्रॅम साबण खर्ची पडतो आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा हा चिकटा तयार होतो. कपड्यातल्या मळाला हात लागण्याआधीच २५ ग्रॅम साबण संपलेला असतो. त्यापुढे टाकाल तो साबण कामाला लागतो आणि तेव्हा कुठे फेस येतो.

म्हणून आपल्या आज्या फेसाकडे बघत होत्या ते अगदी बरोबर होतं. साबणाच्या वडीच्या काळात फेस येणं म्हणजे पाण्यातले क्षार संपले आणि आता साबण मळाकडे वळला. विहिरीच्या पाण्यावर धुणाऱ्या बाईला त्याहून चांगली खूण कुठली मिळणार होती?

मग पावडरी आल्या. भारतात १९५९ मध्ये सर्फ आला, १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरी वडीची जागा डिटर्जंटने घेतली. डिटर्जंटचे रेणू साबणापेक्षा वेगळे असतात. कॅल्शियमशी गाठ पडली तरी ते साबणासारखे चटकन गुठळी होऊन बसत नाहीत, त्यामुळे दुष्फेन पाण्यातही फेस देतात. मघाचाच प्रयोग पावडर घालून करा. दोन्ही बाटल्यांत फेस येईल. पाण्यात क्षार आहेत की नाहीत, मळ निघतोय की नाही, यांपैकी काहीही तो फेस सांगणार नाही. साबण गेला, पण साबणाची खूण आपण डोक्यात तशीच ठेवली. चूक इथे झाली.

"पण फेस मळ काढतो ना?" नाही. मळ काढतात ते पाण्यात विरघळलेले डिटर्जंटचे रेणू. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेलकट मळाभोवती ते गोळा होतात, मळाला कापडावरून उचलतात आणि पाण्यात धरून ठेवतात. हे सगळं पाण्याच्या आत, धाग्याशी घडतं. फेस म्हणजे याच रेणूंच्या पातळ पडद्यात अडकलेली, वर तरंगणारी हवा. शिवाय पाण्यात या रेणूंचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की पाण्याचा पृष्ठताण आणखी कमी होत नाही. भरलेल्या बसमध्ये आणखी माणसं कोंबली म्हणून बस लवकर पोचत नाही, तसंच.

उलट जादा पावडरीने नुकसान होतं, आणि ते तीन प्रकारे होतं. एक, मशीनमध्ये फेसाची गादी तयार होते. फ्रंटलोड मशीनची सगळी धुलाई कपडे वर जाऊन आपटण्यावर चालते. फेसाच्या गादीवर ते आपटतच नाहीत, नुसते घसरतात. म्हणूनच फ्रंटलोडच्या पावडरीत फेस मुद्दाम दाबलेला असतो. "या पावडरीला फेसच नाही" म्हणून त्यात हातधुण्याची पावडर मिसळणारी घरं मला माहीत आहेत. कृपा करून असं करू नका. दोन, जादा पावडर दोन पाण्यांत निघत नाही. धाग्यांत राहिलेला अंश पुढचा मळ, धूळ, घामाचं तेल धरून ठेवतो. तीन, स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा बराच असतो. तो पाण्यातल्या कॅल्शियमचा खडू करतो आणि हा खडू कपड्यावरच बसतो. टॉवेल कडक होतात ते यामुळे. तुम्हाला दिसणारी राखाडी झाक म्हणजे पुष्कळदा न निघालेला मळ नसतोच. धुताना तुम्हीच चढवलेला थर असतो, आणि तो घालवायला तुम्ही आणखी पावडर टाकता!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुष्फेन पाण्यात पावडर थोडी जास्त लागते, हे खरं आहे. पुष्कळ पुड्यांवर तसं वेगळं प्रमाण छापलेलंही असतं. ते प्रमाण पाळा. पण ते मोजून घ्यायचं असतं, फेस पाहून नव्हे. आणि पाणी फारच जड, म्हणजे दुष्फेन, असेल तर पावडर वाढवण्याऐवजी पाणी सुधारायचं.

इथे दुसरा हट्टी गैरसमज आडवा येतो : "आमच्याकडे पाणी सरकारी आहे, तपासलेलं आहे, मग जड कसं असेल?" पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीत मात्र १८० च्या वरचं पाणी 'अत्यंत दुष्फेन' गणलं जातं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कॅल्शियम पोटाला चालतं, पांढऱ्या शर्टाला चालत नाही. पिण्यायोग्य आणि धुण्यायोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतील.

आणि टीडीएसचा आकडा म्हणजे दुष्फेनता नव्हे. टीडीएस मोजणारं पेनासारखं यंत्र पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार मिळून दाखवतं, मिठासकट. सोसायटीत सॉफ्टनर बसवला की कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. पाणी मऊ होतं, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. "आकडा उतरला नाही, फसवलं" असं म्हणून सॉफ्टनरवाल्याशी भांडू नका. मघाची बाटली हलवा, ती खरं सांगेल.

दिल्लीच्या घरांतला आणखी एक प्रकार मला हळहळायला लावतो, कारण त्यामागचा हेतू चांगला असतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि त्यात कपडे धुवायचे. पाणी वाचवलंच पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये आरओच्या नासाडीवर कडक आदेश दिले ते उगाच नाही. पण हिशेब बघा. चार लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध निघालं, तर चारही लिटरांतले जवळपास सगळे क्षार उरलेल्या तीन लिटरांत येतात. म्हणजे ते पाणी नळाच्या पाण्याहून एक तृतीयांशाने जास्त जड होतं. त्याने फरशी पुसा, संडास धुवा, गाडी पुसायची फडकी खळबळा. पांढऱ्या कपड्यांना मात्र त्यापासून लांब ठेवा.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"नीळ घातली की कपडा स्वच्छ होतो." नीळ एक कणही मळ काढत नाही. पिवळटपणावर निळसर छटा चढली की डोळ्याला कपडा जास्त पांढरा वाटतो, एवढंच. स्वच्छ कपड्यावर नीळ शोभते, मळक्यावर घातली तर करडा रंग येतो.

"पावडरीतली चमक म्हणजे स्वच्छता." ती चमक देणारी द्रव्यं न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. नोटा तपासायच्या दिव्याखाली धुतलेला शर्ट धरा, निळा उजळेल. मळका धरला तरी उजळेल.

"पिवळं पडलं की ब्लीच." क्लोरीनचं ब्लीच सुती कपड्याला बेताने चालतं. रेशीम, लोकर, ताणले जाणारे स्पॅन्डेक्सचे कपडे यांना नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीच त्याचा गंज करतं आणि पिवळेपणा वाढतो. काखेतले डाग घाम आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतलं ॲल्युमिनियम यांचे असतात. तेही ब्लीचने बहुधा बिघडतात. तिथे ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात वापरा.

"ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड घातलं की जोर वाढतो." हे वाचून सोडून देऊ नका, घरात सगळ्यांना सांगा. या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे युद्धात सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. व्हिनेगर किंवा लिंबाचं सत्त्वसुद्धा ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका.

"कुठल्याही डागाला कडकडीत पाणी." रक्त, दूध, अंडं यांतली प्रथिनं उकळत्या पाण्याने धाग्यात शिजून बसतात. आधी गार पाणी.

"हळदीचा डाग साबणाने पसरतो." पसरत नाही. साबणाच्या अल्कलीमुळे हळद लाल होते, इतकंच. धुवा आणि ओला कपडा उन्हात घाला. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही.

"प्लास्टिकच्या पिशवीत पांढरा कपडा सुरक्षित राहतो." अनेक प्लास्टिक पिशव्यांत ती टिकावी म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडशी मिळून कपडा पिवळा करतं. वस्त्रोद्योगाला हा दोष इतका परिचित आहे की त्याच्या चाचणीसाठी आयएसओ १०५-एक्स१८ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. दिल्लीच्या हवेत तर हे व्हायला निमित्तच लागत नाही. पैठणीला आपण जुन्या सुती धोतरात गुंडाळतो ना, पांढऱ्या शेल्यालाही तसंच गुंडाळा.

मग करायचं काय? सुती पांढऱ्या कपड्यांसाठी मी जे करते ते सांगते.

कालवा चालू असतो तेव्हा, म्हणजे पाणी बरं असतं तेव्हा, चादरी-पडद्यांची मोठी धुणी उरकून घेते. दसऱ्यानंतर रोजच्या पांढऱ्या कपड्यांसाठी पाणी आधी सुधारते. दहा लिटर पाण्यात छोटा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवायचा आणि बादली रात्रभर ठेवायची. सकाळी तळाशी पांढरा साका बसलेला दिसतो. शर्टावर बसणारा खडू तो हाच. वरचं निवळलेलं पाणी अलगद दुसऱ्या बादलीत काढून घ्यायचं. एरवीही आपण सोडा घालतो, पण तो कपड्यांसोबत घालतो. मग खडू बसायला कापडाशिवाय जागाच उरत नाही. क्रम बदलला की तोच सोडा कामाचा होतो.

या पाण्यात पुडीवर लिहिलेल्या मापाची पावडर आधी पूर्ण विरघळवायची, मग कपडे अर्धा तास भिजवायचे. पाणी कोमट, हाताला सोसेल इतपत. कॉलर आणि बाह्यांना तेवढा हाताने साबण, कारण तिथला मळ तेलाचा असतो. पांढरं सुती आणि पांढरं पॉलिएस्टर वेगळं धुवायचं, कारण पॉलिएस्टर तेलकट मळ ओढून घेतं. नंतर खळबळणं, आणि हे काम पावडरीपेक्षा महत्त्वाचं आहे. पाणी बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत खळबळायचं. शेवटच्या बादलीत अर्धा चमचा लिंबाचं सत्त्व घालते. त्यात चुन्याचा जुना थर विरघळतो आणि टॉवेल पुन्हा मऊ होतो. आधी ब्लीच वापरलं असेल तर मात्र सत्त्व अजिबात नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला, हवा वाईट असते तेव्हा, पांढरे कपडे गच्चीवर रात्रभर ठेवू नका. दुपारच्या उन्हात वाळवून लगेच आत घ्या. काजळीचे बारीक कण ओल्या कापडावर बसतात, आणि मग सकाळची सगळी मेहनत संध्याकाळी पुन्हा करावी लागते.

आमच्या ताईंना हे पटायला दोन महिने लागले. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पावडरीचा डोंगर केला. शेवटी एकाच जोडीतले दोन टॉवेल घेतले. एक त्यांच्या पद्धतीने, एक माझ्या, असे सहा वेळा धुतले. मग त्यांनी दोन्ही गालाला लावून पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "मेरे वाला चुभता है." त्या दिवसापासून आमच्याकडे पावडर चमच्याने मोजली जाते.

फेसाची आणखी एक जागा दिल्लीकरांना दाखवायची राहिली. दिवाळीनंतर छठ येते, आणि कालिंदी कुंजपाशी यमुनेवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगू लागतात. कापसाच्या ढिगांसारखे दिसतात, आणि त्यांत उभं राहून बायका सूर्याला अर्घ्य देतात. ओखला बंधाऱ्यावरून पाणी खाली आदळतं, घुसळलं जातं, आणि नीट प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्यातलं डिटर्जंट फेसाळतं. आपल्या मोऱ्यांतून वाहून गेलेला प्रत्येक जादा चमचा त्यात असतो. तो फेस पाहून नदी स्वच्छ झाली असं कोणी म्हणत नाही. बादलीतल्या फेसालाही तेवढंच ओळखायला शिकू या.